नंदुरबारच्या अंगणात बारा फुटी होडी, जानेवारी ते मे

८ जानेवारी, रविवार

होडी आली एकदाची. वलसाडकडून पिकअपवर बांधून आणली, मागचा अडीच फूट भाग बाहेर लटकत होता त्याला लाल फडकं बांधलं आणि नवापूरच्या चढात जीव मुठीत धरून बसलो. भाडं ७,५०० गेलं. होडी बारा फुटी, फायबरची, उघडी, सोबत ८ एचपीचं टू स्ट्रोक मशीन, दोन्ही मिळून ४६,००० ला. विकणारा म्हणाला होता "फक्त रंग मारा नि पाण्यात टाका". हे वाक्य ऐकलं की किंमत निम्मी करायची हे मला माहीत होतं, पण होडी बघून माणूस येडा होतो, काय करणार.

बोईसरला एमआयडीसीत चौदा वर्षं काढली, सुट्टी मिळाली की खाडीवर गळ घेऊन बसायचो, मग तिथल्या लोकांच्या होडीत जाऊ लागलो. आता नंदुरबारला परत आलोय पण खाऱ्या पाण्याचा नाद सुटत नाही. दरवेळी दुसऱ्याच्या होडीत किती दिवस जाणार. म्हणून हा उद्योग. कोणी आपल्याकडच्या बाजूला बसून असंच काही करायला निघालं तर माझे पैसे गेले तसे त्याचे जाऊ नयेत, एवढ्यासाठी लिहून ठेवतोय.

शेजारचे आप्पा कंपाउंडवरून बराच वेळ बघत उभे होते. मग म्हणाले, "भाऊ, आठे समुद्र कोठे शे? नाव कसाले ली उना?" उत्तर नव्हतं माझ्याकडे.

१५ जानेवारी, रविवार, संक्रांत

तिळगूळ वाटून झाल्यावर होडी उलटी करून चार टायरांवर ठेवली. तळ चांगला आहे, ओरखडे आहेत पण खोल नाहीत. मग लहान हातोडीच्या मुठीने सगळीकडे ठोकत गेलो. चांगल्या फायबरचा आवाज टण् येतो. मागच्या उभ्या फळीवर आलो, ज्याला सगळे ट्रान्सम म्हणतात, मशीन जिथं अडकवतात ती, तर आवाज एकदम थप् थप्, ओल्या भिंतीवर मारल्यासारखा. तिथं ६ एमएमचं भोक पाडलं तर ड्रिलच्या बिटावर भुसा आला तो काळपट आणि ओला, चहाच्या चोथ्यासारखा. वास कुजक्या पाचोळ्याचा.

म्हणजे आतलं प्लायवूड संपलेलं. वरून फायबरचा पातळ थर फक्त. आधीच्या मालकाने मशीनचे बोल्ट बदलताना भोकं तशीच सोडली, त्यातून पाणी आत जात राहिलं. जुनी होडी बघायला जाल तेव्हा पहिलं हे ठोका, रंग नंतर बघा. मी तिथं उभा असताना ठोकलं असतं तर दहा हजार सहज खाली आले असते.

२२ आणि २६ जानेवारी

२२ ला शहाणपणा केला. वाटलं वरून दोन-तीन थर चढवले तर चालून जाईल, एक सीझन तरी काढू. पूर्ण रविवार घासकाम केलं, दोन थर मॅट मारली, म्हणजे काचेच्या धाग्यांची चटई रेझिन या वाळून कडक होणाऱ्या द्रवाने चिकटवली. गुरुवारी झेंडावंदनाहून आल्यावर वाळलेल्या थरावर परत ठोकलं तर आवाज तोच, थप्. अंगठ्याने जोरात दाबलं तर आत दबतंय. सडलेल्या लाकडावर बाहेरून पट्टी म्हणजे पू असलेल्या जखमेला पावडर. सगळं ग्राइंडरने परत काढलं. चार दिवस आणि साधारण १,६०० चा माल वाया.

मग नीट केलं. बाहेरचा थर तसाच ठेवायचा, तो साच्यासारखा कामाला येतो. आतल्या बाजूने फायबर कापायचं, चारही बाजूला दोन-दोन इंच कड सोडून. कापून ओढलं तर प्लायवूड हाताने निघालं, पोह्यांसारखं. खालचे तुकडे छिन्नीने. सगळं काढायला सहा तास लागले. फायबरची धूळ अंगाला लागली की दोन दिवस खाज जात नाही, त्यामुळे आधी अंगाला पावडर चोळायची, फुल बाह्या, मास्क, आणि अंघोळ थंड पाण्यानेच. मला हे माहीत होतं तरी थंडी होती म्हणून गरम पाणी घेतलं. रात्रभर खाजवत बसलो, बायको दुसऱ्या खोलीत झोपायला गेली.

५ फेब्रुवारी, रविवार

प्लायवूडचा किस्सा. दुकानात १८ एमएमची अर्धी शीट घेतली, २,१०० ला, दुकानदार म्हणाला वॉटरप्रूफच आहे साहेब, किचनला हीच जाते. घरी येऊन शिक्का पाहिला तर आयएस ३०३. मरीन प्लायचा शिक्का आयएस ७१० असतो. म्हटलं बघू तरी फरक किती पडतो. हाताएवढा तुकडा कापून अंघोळीच्या बंबातून काढलेल्या पाण्यात पातेल्यात टाकला आणि चुलीवर उकळत ठेवला. चार तासांनी कडेने थर उघडले, पुस्तकाची पानं फुगतात तसे. ७१० ची चाचणी ७२ तास उकळून करतात म्हणे, माझा तुकडा चार तासात गेला. दुकानदार कापलेली शीट परत घेईना. ती आता गच्चीवर कोंबड्यांच्या खुराड्याचं छप्पर आहे.

७१० ची शीट सुरतेहून मागवली, ३,९०० पडली. दोन तुकडे कापून एकमेकांना चिकटवले, १८ अधिक १८, म्हणजे ३६ एमएम जाड फळी. खाली-वर वजन ठेवायला आप्पांकडून ज्वारीची चार पोती आणली.

इथंच एक चूक करून ठेवली जी एप्रिलमध्ये कळली. फळीच्या वरच्या कडेवर दोन इंची सागाची पट्टी लावली. दिसायला छान दिसते आणि मशीनची पकड घट्ट बसेल असं वाटलं. पुढं वाचा.

१२ फेब्रुवारी, रविवार

फळी बसवली. आतून मॅट मारायला घेतली आणि तेव्हा लक्षात आलं की आपण नंदुरबारला आहोत. फेब्रुवारी म्हणजे मिरची वाळवायच्या पथाऱ्या भरात. आमच्या गल्लीपासून फार लांब नाहीत, दुपारी वारं सुटलं की लाल धूळ उडते, तिखट वास घरात येतो. सवय असते आपल्याला. पण ओल्या रेझिनवर ती धूळ येऊन बसली, आणि मी ब्रश मारतोय, शिंकतोय, ब्रश मारतोय. मास्क काढून शिंकलो की मिरची नाकात, मास्क घातला की आत घाम. मिरचीची दोन-तीन सालं थरात कायमची अडकली, चिमट्याने काढायला गेलो तर मॅटचे धागे उपटले जायला लागले, सोडून दिलं.

त्यानंतर पुढचं सगळं रेझिनकाम सकाळी सहा ते आठ, वारं सुटायच्या आत, आणि बाजूने जुन्या साड्या बांधून.

जे करणार आहेत त्यांच्यासाठी मापं. जुन्या फायबरवर नवीन थर धरायला आधी ४० नंबरच्या डिस्कने चकाकी पूर्ण घालवायची, नुसतं पुसून चिकटत नाही. कड सरळ उभी कापायची नाही, उतार द्यायचा, जाडीच्या बारापट. माझी कड ५ एमएम, म्हणजे ६० एमएम लांब उतार. चौरस मीटरला ४५० ग्रॅमची मॅट तीन थर, मॅटच्या वजनाच्या अडीचपट रेझिन. कोबाल्ट, जे वाळायचा वेग वाढवतं, ते आधी रेझिनमध्ये मिसळून नीट ढवळायचं, मग वेगळ्या वेळी हार्डनर. हे दोन एकमेकांत थेट कधीच ओतायचे नाहीत, भडका उडतो, एकाच टेबलवर बाजू-बाजूला पण ठेवू नका. आमच्या भाच्याने दोन्हीची झाकणं अदलाबदल केली होती, मी त्याच्यावर जेवढा ओरडलो तेवढा त्याच्या दहावीच्या निकालाला पण ओरडलो नव्हतो.

५ मार्च, रविवार

मधले तीन आठवडे रडतखडत. लग्नं, कामावर ओव्हरटाइम, आणि आता अवकाळीचं ढगाळ वातावरण. ताडपत्री घालून ठेवली होडी, पथारीवाले पण ताडपत्र्या घेऊन धावत होते.

आज सीटखालच्या पेट्या बंद करायचं काम. होडीत पाणी भरलं तरी ती तळाला जाऊ नये म्हणून सीटखाली हवा कोंडलेली पाहिजे. थर्माकोल हलकं असतं म्हणून मी पेट्या थर्माकोलने गच्च भरल्या आणि वरून मॅट ठेवून रेझिन ओतलं. पाच मिनिटात मॅट मधोमध खचली. हात लावला तर खाली खड्डा. पॉलिएस्टर रेझिन थर्माकोल खाऊन टाकतं, विरघळवतं, साखर पाण्यात जाते तसं. शाळेत असताना पेट्रोलमध्ये थर्माकोल विरघळवून डिंक करायचो आपण, ते डोक्यात का आलं नाही देव जाणे.

चिकट पांढरा राडा खरवडायला आख्खा दिवस. होळीच्या आदल्या दिवशी मी जमिनीवर बसून पेटी खरवडतोय आणि पोरं गोवऱ्या गोळा करतायत.

१२ मार्च, रविवार

उपाय फुकटात निघाला. दोन लिटरच्या कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटल्या, बूच घट्ट लावलेल्या. लग्नसराई आहे, भाच्याने दोन मंगल कार्यालयांतून ४८ बाटल्या आणल्या. ४८ गुणिले २ म्हणजे ९६ लिटर हवा, म्हणजे पाण्याखाली साधारण ९६ किलो उचलून धरेल. एक-दोन बाटल्या फुटल्या तरी बाकीच्या राहतात, हा यातला फायदा. बाटल्यांना बूच थंड वेळीच लावायचं, दुपारी उन्हात गरम असताना लावलं तर रात्री बाटली आत खचते आणि सकाळी लावलं तर दुपारी फुगते. मी सकाळी लावली. थोडी फुगलेली चालते. वरून या वेळी पातळ प्लाय ठेवून मग मॅट.

एक धडा उन्हाचा. सकाळचं काम लांबलं, साडेदहा वाजले, रेझिन एक किलो एकदम बादलीत कालवलं, हार्डनर नेहमीचाच २ टक्के. आठव्या मिनिटाला बादलीतून धूर. बादली इतकी गरम की हात लावता येईना, तळ वितळून वाकडा झाला. उचलून मातीत ओतली. मार्चनंतर आपल्याकडे हार्डनर १ टक्का बास, आणि एका वेळी ३०० ग्रॅमच्या वर कालवायचं नाही, तेही पसरट भांड्यात, खोल बादलीत उष्णता कोंडते.

१९ आणि २२ मार्च

मशीन. पाण्याच्या २०० लिटरच्या ड्रममध्ये लाकडी घोडीवर लावलं. नळाला दोन दिवसाआड पाणी येतं, ड्रम भरला म्हणून घरात महाभारत झालं ते सोडून देऊ. सुरू झालं तिसऱ्या दोरीला, आनंद झाला, पण मागून जी पाण्याची बारीक धार पडायला पाहिजे ती पडेना. ही धार नाही तर मशीन ताबडतोब बंद करायचं. ही धार म्हणजे मशीनला थंड करणारं पाणी फिरतंय याची खूण.

मी सरळ खालचा भाग खोलून पंपाचं रबरी चक्र बदललं, १,८५० चं किट. पात्या खरंच एका बाजूला वाकून बसल्या होत्या, बदलायला हवंच होतं. पण बसवल्यावरही धार नाही. परत खोललं. परत बसवलं. चार तास गेले. मग भाचा म्हणाला, "मामा, हे भोक मातीने बुजलंय वाटतं." बघतो तर धार निघायच्या नळीत कुंभारमाशीने घर केलेलं. ८० पाउंडाच्या गळाच्या जाड दोरीचा तुकडा आत घातला, फिरवला, चिमूटभर माती पडली आणि धार सुरू. तारेने करू नका, नळी फाटते.

आधीचा मालक यात मोटरसायकलचं टूटी तेल टाकायचा, प्लगवर काळा थर होता इंचभर म्हटलं तरी चालेल. आउटबोर्डचं, म्हणजे होडीला बाहेरून अडकवायच्या अशा मशीनचं, तेल वेगळं येतं, डब्यावर टीसीडब्ल्यू ३ लिहिलेलं. पाच लिटर पेट्रोलला १०० एमएल. प्लग दोन, गिअर ऑइल, पेट्रोलची नळी आणि हाताने दाबायचा फुगा नवीन, हे सगळं धरून मशीनचा खर्च ३,५०० वर थांबला. पाडव्याला मशीनला हार घातला, गुढीच्या साखरेच्या गाठीतली एक गाठी पण.

२ एप्रिल, रविवार, प्रकाशा

बंधाऱ्यामागच्या तापीच्या फुगवट्यात पहिली चाचणी. तिथले भोई ओळखीचे, त्यांना आधी विचारून, त्यांची जाळी कुठं आहेत ते समजून घेऊन उतरवली. चार मिनिटात पायाला पाणी. मी म्हटलं जोड गळतोय, भाचा म्हणाला फळी गळतेय, दोघं वाकून वाकून शोधतोय, आणि तळाच्या भोकाचं बूच माझ्या शर्टाच्या खिशात. किनाऱ्यावरचा भोई हसून हसून खाली बसला.

बूच लावलं. मशीन सुरू केलं, बारा मिनिटात बंद पडलं. एक तास कार्ब्युरेटर उघडून बसलो. पेट्रोलच्या टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद होता, टाकीत हवा जात नव्हती म्हणून पेट्रोल येत नव्हतं. फुगा दाबून बघितला असता तर तो चपटा बसलेला दिसला असता. मशीन दहा-पंधरा मिनिटं चालून मरत असेल तर आधी हा स्क्रू बघा, मग बाकीचं.

आणि तिसरं. मशीन बेंबीच्या देठापासून ओरडतंय आणि होडी बैलगाडीच्या वेगाने. वळवली की अजूनच ओरडतंय. पंखा हवा खेचत होता. टेपने मोजलं तेव्हा ती सागाची पट्टी आठवली. शॉर्ट शाफ्ट, म्हणजे आखूड दांड्याच्या, मशीनला फळीची उंची १५ इंच लागते, माझी झाली १७. पंख्याच्या वर जी आडवी पट्टी असते ती तळाच्या बरोबरीने किंवा इंचभर खाली पाहिजे, माझी दीड इंच वर.

९ एप्रिल, रविवार

सागाची पट्टी कापली. ज्या फळीसाठी जवळजवळ तीन महिने घालवले तिच्यावर परत करवत चालवताना हात थरथरत होता. कापल्यावर उघडी पडलेली कड तीन वेळा रेझिनने पाजून वर दोन थर. बोल्टची भोकं १० ऐवजी १४ एमएमची पाडली, घट्ट रेझिनने भरली, वाळल्यावर त्याच्या मधोमध १० चं भोक. म्हणजे बोल्ट कधी लाकडाला शिवतच नाही. पूर्वीच्या मालकाने हे केलं असतं तर मला हा लेख लिहायला लागला नसता.

बोल्ट स्टेनलेसचे घेतले, १,२४० ला. दोन वॉशर कमी पडले ते घरातले कलईचे लावले. चार रुपये वाचवले.

१६ एप्रिल, रविवार, परत प्रकाशा

पळते! दोघं असताना पुढचं टोक फार उचलत होतं, पेट्रोलची टाकी आणि नांगर पुढे सरकवले तर सरळ झाली. आठ एचपीला याहून जास्त मागायचं नाही.

मग मुद्दाम बुडवली. कमरेएवढ्या पाण्यात, मशीन काढून त्याजागी गॅरेजमधलं ३० किलो भंगार बांधलं आणि बादल्यांनी पाणी भरलं. काठ पाण्याच्या बरोबरीला आला आणि तिथंच थांबली. आम्ही तिघं कडेला धरून लोंबकळलो तरी खाली गेली नाही, फक्त एका अंगाला कलली. हे नदीत करून बघायचं. भोई म्हणाला शिकलेली माणसं काय काय करतात.

इथपर्यंतचा खर्च, तीन लाइफ जॅकेट ४,०५० आणि नांगर-दोर-साखळी २,६०० धरून, ७९ हजारांच्या आसपास. वाया गेलेला माल त्यात आहे.

२८ एप्रिल, शुक्रवार, डहाणू

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, २२ ला झाली, घरचे आंब्याच्या रसाने सुस्त असतानाच ठरवून टाकलं. गुरुवारी रात्री पिकअपने निघालो. घाई करायचं कारण होतं, १ जूनपासून पावसाळी बंदी, आणि त्याच्या आधीच मेच्या मध्यापासून समुद्र फुगायला लागतो.

अष्टमी मुद्दाम निवडली. अमावस्या-पुनवेला उधाण, पाण्याला ओढ फार, नवख्या होडीला नको. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी, ओढ कमी. भरतीची वेळ काढायला तिथीची पाऊणपट करायची. आठ तिथीची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला पूर्ण भरती, सकाळी आणि संध्याकाळी. हा मुंबईचा हिशोब, डहाणूला मी अर्धा तास पुढे धरतो.

सकाळी बंदराच्या ऑफिसात आणि तिथल्या मच्छीमार काकांना भेटलो, ज्यांच्या होडीत मी पूर्वी जायचो. कागदपत्रांचं आधी विचारून घ्या, होडी पाण्यात टाकल्यावर नाही. सगळ्यांची मूळ आधार कार्डं जवळ, सागरी पोलीस विचारतात आणि विचारायलाच पाहिजे. फोनमध्ये १५५४ कोस्ट गार्डचा आणि १०९३ सागरी पोलिसांचा, प्लास्टिकच्या पिशवीत फोन.

आज फक्त खाडी. तीन वाजता चढत्या पाण्याबरोबर आत गेलो, तिवरांच्या कडेला जिथं पाणी वळतं तिथं नांगर टाकला. जिवंत कोळंबी, शेपटीच्या शेवटच्या कड्यातून गळ, शिसं अगदी हलकं. साडेपाचला तांबोशी लागली, सव्वा किलो. तांबोशी लागली की पहिल्या दोन सेकंदात तिला तिवरापासून ओढून काढायचं, दोर दिला तर ती मुळात शिरते आणि संपलं. माझ्या आधीच्या दोन अशाच गेल्या.

भाच्याला शिंगाळा लागला. "हात लावू नको" म्हणेपर्यंत लावला. काटा अंगठ्यात. शिंगाळ्याच्या काट्याला विष असतं, ठणका खांद्यापर्यंत जातो. किनाऱ्यावर येऊन चहाच्या टपरीवाल्याकडून सोसेल एवढं गरम पाणी घेतलं, त्यात तासभर हात. गरम पाण्याने उतरतो ठणका, बर्फ लावू नका. तरी दवाखान्यात नेऊन धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं.

२९ एप्रिल, शनिवार

आज बाहेर. नवमी, भरती सव्वासातच्या आसपास. साडेसहाला निघालो, पाणी स्थिर असताना खाडीच्या तोंडातून बाहेर, काही कळलंसुद्धा नाही. किनाऱ्यापासून दोन किलोमीटरच्या आतच राहिलो, वीज केंद्राची चिमणी पाठीमागे ठेवून. नांगराचा दोर खोलीच्या पाचपट, पुढच्या टोकालाच बांधलेला. मागून कधीच बांधू नका, लाट सरळ आत येते. दोन लहान करकरे, एक शिंगाळा. भाचा शिंगाळा बघून होडीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसला.

माझा हिशोब असा की वारं साडेअकरा-बाराला उठतं, अकराला परत. वारं दहालाच उठलं. अकराला तोंडाशी आलो तर समोर वेगळंच. खाडीतून ओहोटीचं पाणी जोरात बाहेर येतंय आणि पश्चिमेचं वारं त्याच्यावर आत येतंय. दोन्ही एकमेकांवर आदळून लाटा उभ्या राहतात, उंच नसतात फार पण भिंतीसारख्या, जवळजवळ. सकाळी याच जागेवरून आम्ही चहा पीत गेलो होतो. बोईसरला असताना हे मी पाच वेळा तरी ऐकलं होतं, पण तेव्हा मशीन दुसऱ्याच्या हातात असायचं.

तरी घुसलो. तिसऱ्या लाटेने मागून येऊन फळीवरून दोन बादल्या पाणी आत ओतलं. भाचा उपसतोय, मी मशीनच्या दांडीला लटकलोय, आणि खरं सांगतो, त्या वेळी डोक्यात फक्त एवढंच होतं की जानेवारीत अंगठ्याने दबत होती ती फळी आत्ता असती तर मशीन दर्यात गेलं असतं. मशीन बंद करायची लाल दोरी मनगटाला होती, ती असलीच पाहिजे, पडलो तर मशीन बंद व्हायला हवं, होडी गोल फिरून पंखा आपल्याच अंगावर येतो.

दोन लाटांच्या मधली जागा बघून वळवली आणि बाहेर पाच-सहा मीटर पाण्यात नांगर टाकून टोक वाऱ्याकडे करून बसलो. भाचा उलट्या करून रिकामा झाला. पाऊण तासाने काकांची होडी जाळी घेऊन आली, जवळ येऊन ओरडले, "आत्ता नको! पाणी चढायला लागू दे, मग माझ्या मागनं ये!" आणि स्वतःपण थांबले. त्यांची होडी तीस फुटी, ते जाऊ शकले असते.

सव्वादोनला शिरलो. वारं तेव्हा सकाळपेक्षा जास्त होतं, पण आता पाणीही आत जात होतं, वाऱ्याच्याच दिशेने, म्हणून लाटा आडव्या पडलेल्या. काकांच्या होडीमागच्या फेसाच्या पट्ट्यातून, एका लाटेच्या पाठीवर बसून, तिच्या पुढं न जाता.

किनाऱ्यावर काका मला काही बोलले नाहीत. भाच्याला म्हणाले, "मामाला सांग, घड्याळ बघून नाही यायचं, पाणी बघून यायचं."

७ मे, रविवार, नंदुरबार

आल्या दिवशीच मशीन गोड्या पाण्याच्या ड्रममध्ये पंधरा मिनिटं चालवलं, मग पेट्रोलची नळी काढून कार्ब्युरेटर कोरडा होईपर्यंत. होडी आतून-बाहेरून धुतली, खारट पाणी सीटच्या कोपऱ्यात राहतं तिथं फडक्याने. दोन ड्रम पाणी लागलं, आप्पांच्या बोअरवेलमधून आणलं, त्याबदल्यात तांबोशीचा अर्धा भाग गेला होता आधीच.

फळी ठोकून बघितली. टण्. भोकांच्या कडा कोरड्या. पण ते दोन कलईचे वॉशर एका समुद्रफेरीत तपकिरी झाले आणि फळीवर खाली ओघळ आलाय चहाचा. उद्या स्टेनलेसचे घालणार.

बाकी कामं, फळीला आतून दोन त्रिकोणी आधार, पाणी उपसायला बादलीऐवजी हातपंप, आणि दुसरा छोटा नांगर. बूच आता मशीनच्या लाल दोरीला कायमचं बांधून टाकलंय, ते हातात आल्याशिवाय मशीन सुरूच होत नाही.

पावसाळ्यासाठी होडी उलटी, टायरांवर, ताडपत्री अंगाला न चिकटवता बांबूवरून, नाहीतर आत वाफ कोंडते. फळीच्या आतल्या बाजूला डाव्या कोपऱ्यात रेझिनखाली मिरचीचं ते साल अजून लाल दिसतंय.